येणे बाकी

मुहर्रकच्या त्या बोळात दुपारी तीनला
मांजरं आणि आम्ही दोघंच जागे.
उस्ताद खलफ चश्मा कपाळावर सरकवून म्हणत,
"बेठे, पुढची ओळ."
अरबीत प नाही. पेठ्यांचा बेठे होऊन
तेव्हा मला अकरा वर्षं होत आली होती.

मी सिमेंटच्या कंपनीत हिशेबनीस,
शुक्रवारी यांच्याकडे मोडी वाचायला.
मोडी वडिलांनी शिकवली, महाडच्या कचेरीतले ते,
उपयोग काय म्हणून मी रडलो होतो.
उपयोग इथे निघाला, समुद्रापलीकडे:
मोत्यांच्या कुणा मुंबईकर व्यापाऱ्याच्या वह्या.
कारकून आपल्याकडचा असावा,
कारण एका समासात बारीक लिहिलंय,
"आज उकाडा फार. घरून पत्र नाही."

बाकी सगळी नावं.
मुबारक, पाणबुड्या. आगाऊ रुपये तीस, तांदूळ, खजूर वेगळे.
मुबारक वारला. बाकी मुलाच्या नावे.
मुलगा नऊ वर्षांचा.
मी वाचायचो डावीकडून, उस्ताद उतरवायचे उजवीकडून,
आणि मध्ये कुठेतरी तो मुलगा
नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून
खाली जायचा.

शब्द अडायचे नाहीत.
कर्ज म्हटलं की कर्ज. हिशेब, वसूल, जामीन, मालक.
"सगळे सावकारी शब्द नेलेत आमच्याकडून," ते हसायचे,
"एखादा प्रेमाचा न्यायचा होता."
नाखुदाला आमच्याकडे नाखवा म्हणतात सांगितलं
तेव्हा चहा बाजूला ठेवून त्यांनी तो टिपून घेतला.
एकच शब्द वेगळा निघाला: तारीख.
त्यांच्याकडे तारीख म्हणजे इतिहास.
आमच्याकडे ती पडते, कोर्टात.
"म्हणजे तेच," उस्ताद म्हणाले.

डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे.
विचारलं तर म्हणत, "रिफायनरी."
यंत्रांमुळे की संपामुळे, ते सांगत नसत.
शाळेतून काढलं, मासिक बंद केलं,
दोनेक वर्षांनी कुणीतरी येऊन कपाट उपसून जाई.
ते पुन्हा लावत, आधीपेक्षा नीट.

एका शुक्रवारी, चौथ्या वहीत,
माझ्या मालकाचं आडनाव आलं.
माझा पासपोर्ट त्याच्या तिजोरीत होता.
मी म्हणालो, "ही ओळ पुसट आहे."
उस्तादांनी वही उजेडाकडे धरली.
मोडी त्यांना येत नव्हती. शाई कळत होती.
"असेल," म्हणाले,
आणि एक ओळ कोरी सोडली.

पुढच्या वर्षी त्यांना नेलं. तारखा पडत राहिल्या,
मग पडायच्याही थांबल्या.
पुस्तक कुणीतरी बैरुतला छापलं.
एकशे बाराव्या पानावर
ओळभर पांढरी जागा आहे, खाली तळटीप:
वाचणारा थकला होता.

आता मी महाडला. पासपोर्ट माझ्याच कपाटात,
मुदत संपलेला.
ती ओळ पुसट नव्हती. काळीभोर, वळणदार, अशी होती:
"अमुक नाखुदा यांनी मुबारकच्या बायकोकडून
सागाचा दरवाजा बाकीपोटी नेला. जमा रुपये चार.
येणे बाकी सव्वीस."

अमुकच्या जागी नाव आहे.
अजूनही लिहीत नाही.
माझा भाचा तिथेच लागलाय, पुढच्या दालनात बसतो.
पाठीमागच्या भिंतीवर शोभेला
एक जुना नक्षीदार दरवाजा टांगलाय म्हणे.
फोटो पाठवलाय त्याने: हसतोय,
खांद्यामागे पितळी कडी.

तोच दरवाजा असेल असं काही नाही.